सेवानिवृत्त अभियंता

हॉलच्या पायऱ्या चढता चढता मधुरा फ्लेक्ससमोर थबकली. फ्लेक्सवर तिचे वडील, अण्णा, कोट घालून हसत होते. कोट त्यांचा नव्हता. दादाच्या लग्नात भाड्यानं आणलेला. खांद्यांवर ढगळ होता म्हणून त्या दिवशी अण्णा सारखे खांदे उचलत होते. फोटोखाली मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं : स्व. श्री शरच्चंद्र विनायक पोतनीस, सेवानिवृत्त अभियंता.

"अभियंता?" ती मोठ्यानं म्हणाली.

मागून आजीला हाताला धरून येणाऱ्या ऋतानं मान खाली घातली. "आत्या, आत चल ना. लोक बघून राहिलेत."

पण बघायला लोक होते कुठे? तेराव्याचं जेवण दुपारी घरीच उरकलं होतं आणि सभा नानाखेड्यातल्या या मंगल कार्यालयात ठेवली होती. तिच्या दादानं, मंदारनं, दीडशे खुर्च्या मांडायला सांगितल्या होत्या. पुढच्या दोन रांगांत त्याच्या बँकेतले सहकारी, त्याची बायको विजया हिच्या शाळेतल्या बाया आणि नव्या कॉलनीतले चार-दोन शेजारी बसले होते. त्यांच्या मागं पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या थेट भिंतीपर्यंत रिकाम्या होत्या. चहावाल्यानं मोठं पिंप भरून आणलं होतं आणि तो पिंपाशेजारी हात बांधून उभा होता.

मंदार दारात हात जोडून उभा होता आणि सारखा रस्त्याकडे बघत होता. त्याला कळत नव्हतं. अण्णांबरोबर या शहरात कधी सरळ चालता आलं नव्हतं. फ्रीगंजपासून बसस्टँडपर्यंत जायचं तर वाटेत दहा जण थांबवायचे. लहानपणी एकदा भर रस्त्यात बस थांबवून ड्रायव्हर खिडकीतून ओरडला होता, "उस्ताद, राम-राम!" आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला होता. सायकलच्या दांड्यावर बसलेल्या मंदारला तेव्हा आपले वडील कुणी राजे वाटले होते. ते सगळे लोक आज गेले कुठे?

एक पांढरी गाडी फाटकाशी थांबली. इंदूरचे डॉक्टर श्रीनाथ आणि त्यांच्या पत्नी उतरले. त्यांच्या मुलाशी, विहंगशी, ऋताचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. अण्णांच्या आजारपणामुळं बोलणी लांबली, एवढंच. मंदार पायऱ्या उतरून सामोरा गेला.

"फार वाईट झालं," श्रीनाथ म्हणाले. फ्लेक्सकडे बघून त्यांनी हात जोडले. "वडील कुठल्या खात्यात होते? पीडब्ल्यूडी?"

"रोडवेजमध्ये."

"अच्छा. म्हणजे वर्कशॉपचे इंजिनिअर."

"हं," मंदार म्हणाला.

सभा सुरू झाली. मंदारचे एक वरिष्ठ बोलायला उठले. अण्णांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हातातल्या वर्तमानपत्राच्या कात्रणावर एकदा नजर टाकून ते म्हणाले की या नगरीच्या विकासात अभियंतासाहेबांचं योगदान विसरता येणार नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांच्या पत्नीनं, सुलूताईंनी, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेजारी अक्का ताठ बसली होती. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडलेली, पण घरात अजून तिच्या होकाराशिवाय श्राद्धाचा मेनूही ठरत नसे.

दुसरे वक्तेही 'अभियंतासाहेब' म्हणाले तेव्हा मधुरा उठली. तिनं मंदारचा दंड धरला आणि त्याला हॉलच्या मागच्या खोलीत नेलं. ती नवरीला तयार करायची खोली होती. भिंतीवर मोठा आरसा, आरशाला चिकटवलेल्या टिकल्या. त्यांच्यामागं विजया आली, मग ऋता. थोड्या वेळानं काठी टेकत अक्काही आली, सुलूताईंच्या हाताचा आधार घेऊन.

"डेपोतले लोक कुठे आहेत, दादा?"

"पेपरमध्ये दिलं होतं. कालच्या. सगळ्यांना कळावं म्हणूनच दिलं."

"काय दिलं होतं? हेच? शरच्चंद्र विनायक पोतनीस, अभियंता? अरे, अण्णांना या गावात शरच्चंद्र कोण म्हणतं? उस्ताद म्हणतात. शरद मिस्त्री म्हणतात. त्यांनी हा पेपर वाचला असेल आणि पान उलटलं असेल!" मधुरा वळली. "वहिनी, तुला स्पष्टच विचारते. इंदूरची माणसं येणार होती म्हणून ना?"



"तिला कशाला बोलतेस?" अक्का म्हणाली. "आणि खोटं काय आहे त्यात? जन्मभर इंजिनांचंच काम केलं ना शरदनं? मग इंजिनिअरच."

"अक्का, ते मेकॅनिक होते. खड्ड्यात उतरून बसच्या पोटाखाली झोपायचे. आणि घरी येऊन रॉकेलनं हात धुवायचे, मग लिंबानं, का तर माझी वेणी घालताना केसांना वास लागू नये. आईला टीबी झाला होता त्या वर्षी रोज त्यांनी वेणी घातली माझी. घट्ट, दोन्ही सारख्या. ते हात काय कोटातले होते?"

"ओरडू नकोस. बाहेर ऐकू जातं."

"जाऊ दे! वहिनी, तू बोल ना काही."

विजयानं आरशात बघितलं. आरशात तिला मंदार दिसत होता. तो दाराच्या कडीशी चाळा करत होता. काल रात्रीपासून ती वाट बघत होती की हा स्वतः सांगेल. दुपारी जेवताना मधुराच्या सासरच्या कुणीतरी हसत म्हटलं होतं, 'विजयावहिनींना बरोबर जमतं हं सगळं,' तेव्हाही तो पानातच बघत राहिला होता. आताही त्याची नजर कडीवरच होती.

"आईनं नाही लिहिलं," ऋता म्हणाली.

"ऋता, गप्प बस," विजया म्हणाली.

"का गप्प बसू? बाबांनी फोनवर सांगितलं पेपरवाल्याला. मी तिथंच बसली होती. त्यानं विचारलं, सेवानिवृत्त काय लिहू? बाबा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, अभियंता लिहा." ऋतानं आईकडे बोट केलं. "आणि आई सकाळपासून ऐकून घेऊन राहिली आहे सगळ्यांचं."

मंदारनं कडी सोडली. "अक्काच म्हणाली होती..."

"मी म्हटलं," अक्का म्हणाली. "नाही कशाला म्हणू? आपल्या घराण्यानं दरबारचा खजिना सांभाळला. शरद डेपोत चिकटला तेव्हा वडिलांनी वर्षभर त्याला पंगतीत शेजारी बसू दिलं नव्हतं. मी वाढायची त्याला, स्वयंपाकघराच्या दारात. पेपरात पोतनीस नाव येणार, त्यापुढं मिस्त्री नको, असं म्हटलं मी. पण मी म्हातारी बाई. मी म्हटलं म्हणून तू छापलंस? तुझा बाप होता तो."

मंदारनं तिच्याकडे बघितलं. कालपर्यंत ती त्याच्या बाजूनं होती.

"मी वाचला होता तो मजकूर," सुलूताई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की सगळ्यांना वळावं लागलं.

"छापायच्या आधी. मंदारनं दाखवला मला. मला बरं वाटलं वाचून."

"आई!"

"बरं वाटलं, मधू. लग्न होऊन आले तेव्हापासून कुणी विचारलं, तुमचे यजमान काय करतात, की मी म्हणायची, रोडवेजमध्ये आहेत. आणखी विचारलं तर विषय बदलायची. वाटलं, आता छापूनच आलं, आता कुणी विचारणार नाही." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरून ठेवला. "ते असते तर मी त्यांना दाखवू शकले असते का? नसते शकले."

बाहेर माइकवरून कुणीतरी दोन मिनिटांचं मौन पाळायला सांगत होतं. खोलीतही सगळे गप्प उभे राहिले.

मौन संपल्यावर मधुरानं विचारलं, "अनिलभाईला कळवलंय?"

अनिल हा अण्णांच्या हाताखाली तयार झालेला. डेपो बंद पडल्यावर त्यानं बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गॅरेज टाकलं होतं आणि अण्णा जवळजवळ रोज तिथं जाऊन बसायचे. घरी सांगायचे, फिरायला जाऊन येतो.

मंदारनं मान हलवली. "अण्णांचा फोन बंद करून ठेवलाय मी. इंदूरला दवाखान्यात होते तेव्हा सारखे फोन यायचे. उस्ताद कैसे हैं, उस्ताद कैसे हैं. मी कंटाळलो होतो. गेले त्या सकाळी गाडी इंदूरहून सरळ चक्रतीर्थाच्या स्मशानातच नेली आपण. मग... राहूनच गेलं."

"बसस्टँड दिसतोय या खिडकीतून," मधुरा म्हणाली. "चल."

दोघं पायीच निघाले. मंदारला वाटलं, मधुरानं आणखी ओरडावं. ती ओरडली नाही. गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "सांगायचं तू. मी मधे बोलणार नाही."

गॅरेजसमोर एक बस चाक काढून जॅकवर उभी होती. पाच-सहा जण चहा पीत बाकावर बसले होते. दोघं-तिघं पूर्वीच्या डेपोतले, बाकीचे खासगी बसचे ड्रायव्हर. अनिल चाकापाशी उकिडवा बसला होता. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे, मंदार भैया! मधुरा दीदी भी! आओ, आओ. अरे, कुर्सी लाओ कोई. उस्ताद की छुट्टी हो गई अस्पताल से? कितने दिन से फोन लगा रहा हूँ, बंद आता है. मैंने इन लोगों से कहा, इतवार को इंदौर चलते हैं, ढूँढ लेंगे अस्पताल."

मंदारनं मधुराकडे बघितलं. मधुरा जमिनीकडे बघत होती.

"अनिलभाई," तो म्हणाला, "उस्ताद नहीं रहे."

अनिल उठला. हातातला पाना त्यानं नीट चाकाच्या रिमवर ठेवला. मंदारच्या पांढऱ्या कुर्त्याकडे, नुकत्याच खुंट फुटलेल्या डोक्याकडे त्याची नजर गेली.

"कब?"

"आज तेरहवीं है."

बाकावरचे सगळे उभे राहिले होते. बसस्टँडवरून कंडक्टरच्या हाका ऐकू येत होत्या, देवास, देवास, इंदूर. अनिल एक पाऊल पुढं आला. मग त्यानं जे विचारलं त्याची मंदारनं तयारी केली नव्हती. त्याला वाटलं होतं, हा चिडेल, वाटेल ते बोलेल.

"हमसे कोई गलती हो गई थी क्या, भैया?" अनिल म्हणाला. "उस्ताद नाराज थे हमसे?"

"नहीं, नहीं..."

"कुछ तो हुआ होगा. नहीं तो आप खबर करते. मैंने एक बार फोन पे जिद कर ली थी, कि उनसे बात करा दो. वो बुरा लगा आपको?"

"नहीं, अनिलभाई. पेपर में दिया था हमने."

"पेपर तो हम रोज देखते हैं," एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला. त्यानं बाकावरचा कालचा पेपर उचलला, मागचं पान काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं. त्या पानावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग पडला होता. "ये? ये कोट वाले इंजीनियर साहब?" त्यानं पेपर लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "हाय राम. ये तो उस्ताद हैं. अनिल, ये उस्ताद हैं! कल इस पे मैंने चाय रखी थी."

अनिलनं पेपर घेतला आणि वाचला. मग मंदारकडे बघितलं. त्याला अजूनही समजलं नव्हतं. "इंजीनियर गलती से छप गया?"

हो म्हणता आलं असतं. मंदारला तो शब्द जिभेवर आलेला जाणवला. मधुरानं आता मान वर केली होती, पण तो अडला तो तिच्यामुळं नव्हे. समोरचा माणूस अजून स्वतःचीच चूक शोधत होता, त्यामुळं त्याला ते म्हणवेना.

"गलती से नहीं. हमने छपवाया. मैकेनिक लिखने में हमें शरम आई." तो थांबला. "हमें नहीं. मुझे. मुझे शरम आई. आपकी कोई गलती नहीं है. वो आप लोगों को ही पूछते थे वहाँ, आखिर तक. मैंने ही खबर नहीं की."

अनिल वळला, नळाशी गेला आणि हात धुवायला लागला. साबण लावून पुन्हा पुन्हा धूत राहिला. त्याची पाठ हलत होती.

"कंधा देने का तो हक था हमारा," पाठमोराच तो म्हणाला.

मंदारनं हात जोडले. अनिल बघत नव्हता, तरी जोडून ठेवले.

ते हॉलवर पोचले तेव्हा सभा आटोपली होती. संध्याकाळी तिथं कुणाची सगाई होती. डेकोरेशनवाले झेंडूच्या माळा घेऊन आत शिरले होते आणि पांढरी कव्हरं काढून खुर्च्या एकात एक रचल्या जात होत्या. वाटेत आणखी लोक येऊन मिळाले होते. एक तिकीट-खिडकीतला, एक टायरवाला, एक भज्यांच्या गाडीचा मालक. सगळे पायऱ्यांखाली थांबले. मंदारनं दोनदा वर बोलावलं, पण कामाच्या कपड्यांकडे बघून ते 'ठीक है, भैया, यहीं ठीक है' म्हणत राहिले. फ्लेक्सकडे सगळे बघत होते.

"उस्ताद ने कोट कब पहना?" कुणीतरी हळूच विचारलं.

श्रीनाथ आणि त्यांच्या पत्नी निघायच्या बेतात होते. पायऱ्यांखालची गर्दी बघून ते थांबले. "हे कोण?"

विजयानं तोंड उघडलं, पण ऋता आधी बोलली. "आजोबांबरोबर काम करायचे, काका. आजोबा इंजिनिअर नव्हते. डेपोत मेकॅनिक होते."

विजयानं डोळे मिटून घेतले. श्रीनाथांनी ऋताकडे बघितलं, मग मंदारकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"मग तसंच छापायचं की," ते म्हणाले. "यात लपवण्यासारखं काय होतं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मंदारला वाटलं. तो विजयाजवळ गेला. "सकाळीच सांगायला हवं होतं मी सगळ्यांना," तो म्हणाला. विजया म्हणाली, "आधी त्यांचं बघ. तिष्ठत उभे आहेत," आणि चपला शोधायला लागली.

सुलूताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. खालच्या माणसांपैकी अनिलचं तेवढं नाव त्यांना ठाऊक होतं. जुन्या घरी ही माणसं दसऱ्याला यायची. अण्णा त्यांना ओट्यावर बसवायचे आणि सुलूताई आतून चहा पाठवायच्या. त्या चहाचे काचेचे ग्लास वेगळे होते, खिडकीत पालथे ठेवलेले. अण्णांनी त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. ओट्यावर त्यांच्याबरोबर बसून ते त्यातल्याच एका ग्लासातून चहा प्यायचे. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा सुलूताईंच्या मनात आलं की ते मुद्दाम तसं करत असतील.

त्या एकेक पायरी उतरून खाली आल्या. अनिल त्यांच्या पायांशी वाकला.

"घर चलिए," त्या म्हणाल्या. "सब लोग. यहाँ अब दूसरों का फंक्शन है."

घरी ते सोफ्यावर बसेनात. शेवटी मंदारच खाली बसला, तेव्हा सगळे सतरंजीवर टेकले. अक्का आपल्या खुर्चीत होती. तिनं पाय आखडून घेतले, जागा व्हावी म्हणून. विजयानं शोकेसमधले पाहुण्यांचे कप काढले आणि ऋताकडे न देता स्वतः सगळ्यांच्या हातात दिले. थोडा वेळ नुसत्या बशा वाजत राहिल्या. कुणी म्हणालं, गर्मी बढ़ गई. कुणी म्हणालं, हो.

सुलूताईंना काहीतरी विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते कळत नव्हतं. डेपो घरापासून सायकलच्या अंतरावर होता. इतक्या वर्षांत त्या एकदाही तिथं गेल्या नव्हत्या.

"काम पे कैसे रहते थे वो?" त्यांनी विचारलं. "घर में तो ज्यादा बोलते नहीं थे."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. म्हाताऱ्या ड्रायव्हरला हसू आलं आणि त्यानं ते आवरलं.

"बोलते तो वहाँ भी नहीं थे, भाभीजी," अनिल म्हणाला. "गाते थे."

"गाते थे?"

"पूरा दिन. गाड़ी के नीचे घुसे, कि गाना शुरू. डेपो में किसी को पूछना हो उस्ताद कहाँ हैं, तो आवाज से ढूँढते थे."

सुलूताईंनी मुलांकडे बघितलं. मधुरानं नकारार्थी मान हलवली. मंदारनंही. अक्का पुढं वाकली होती.

"घर में तो कभी नहीं गाया," सुलूताई म्हणाल्या. "एक बार भी नहीं. कौन सा गाना?"

"मराठी में गाते थे, भाभीजी. हमको क्या समझे. पर एक तो रोज का था. इतने साल सुना, तो हमको भी चढ़ गया जबान पे."

"सुनाओगे?"

अनिल लाजला. त्यानं कप खाली ठेवला, बाकीच्यांकडे बघितलं, घसा साफ केला. मग मान खाली घालून गायला लागला. चाल संथ होती, शेवटाला वर चढून हळूच खाली येणारी. शब्द त्याच्या तोंडात पार झिजले होते; कुठं एक अक्षर मराठी वाटायचं, कुठं नुसताच आवाज. म्हातारा ड्रायव्हर त्याच्याबरोबर गुणगुणायला लागला, मग टायरवाला. त्या सगळ्यांना ते येत होतं.

घरातली माणसं कान देऊन ऐकत होती. मधुराचे ओठ हलत होते, ती शब्द जुळवू बघत होती. अक्कानं कानामागं हात धरला होता आणि तिच्या कपाळावर आठ्या होत्या. तिलाही ते ओळखू येत नव्हतं.

गाणं संपलं. अनिल ओशाळून हसला. "गलत होगा, भाभीजी. आपकी भाषा है, आप बताओ, क्या बोल हैं?"

सुलूताई सतरंजीवर उतरल्या, अनिलच्या समोर येऊन बसल्या.

"फिर से गाओ," त्या म्हणाल्या. "धीरे."